कोरलईची आजी

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या. रेवदंड्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या या गावाला चहूबाजूंनी तट आहे. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. आणि वाड्यांच्या सावलीत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन व जेझुइट मठमंदिरांचे भग्नावशेष विखुरलेले आहेत. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा उंच मनोरा 'सातखणी' या नावाने आजही ओळखला जातो. हे अवशेष पाहून परतणारा अभ्यासक वहीत टिपून घेतो, की येथे एकेकाळी ख्रिस्ती धर्माचे मोठे ठाणे होते, १७४० साली ते संपले. पुढचे पान कोरे राहते.

परंतु हे टिपण अपुरे आहे. ठाणे संपले, श्रद्धा संपली नाही. रेवदंड्याच्या धक्क्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर खाडीपलीकडे समुद्रात घुसलेला एक लांबट डोंगर दिसतो. तो कोरलईचा डोंगर. त्याच्या माथ्यावर किल्ला आहे आणि पायथ्याशी गाव. या गावात सुमारे आठशे ते हजार ख्रिस्ती माणसे अशी एक बोली बोलतात, जी महाराष्ट्रात अन्यत्र कोठेही बोलली जात नाही. ती पोर्तुगीजोद्भव आहे. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणजे 'आपली बोली' म्हणतात. शेजारीपाजारी तिला 'क्रिस्ती' म्हणून ओळखतात. ज्या भाषेचे राज्य या किनाऱ्यावरून जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, ती भाषा आणि तिच्यासोबत आलेली श्रद्धा एका लहानशा खेड्यात जिवंत राहिली कशी? तिला सैन्याचा आधार नव्हता, दरबाराचा नव्हता, छापखान्याचा नव्हता, शाळेचाही नव्हता. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तटबंदीत शोधून सापडायचे नाही. ते चुलीपाशी शोधावे लागेल. हा ठेवा कोरलईच्या आजीने राखला आहे. तिच्याविषयीच चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

राज्य आले, राज्य गेले

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. चौल हे पुरातन बंदर. पोर्तुगीजांची या बंदराशी गाठ पडली ती रक्तरंजित प्रसंगाने. १५०८ साली इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी चौलच्या खाडीत त्यांच्यावर हल्ला केला आणि पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण पुत्र लोरेन्सो येथे मारला गेला. पुढे १५१६ साली अहमदनगरच्या निजामशाहीकडून वखारीची परवानगी मिळाली, १५२१ साली किल्ल्याचे काम सुरू झाले आणि खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, हे पोर्तुगीजांचे तटबंद शहर बनले. १५७०-७१ साली मुर्तझा निजामशहाने त्याला दीर्घकाळ वेढा घातला, शहर टिकले. खाडीच्या दक्षिण तीरावरील कोरलईचा डोंगर निजामशाहीच्या ताब्यात होता. तो १५९४ साली पोर्तुगीजांनी घेतला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच निशाण होते.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा तेथे मोडला. पुढच्याच वर्षी, १७४० च्या तहाने, चौल व कोरलई मराठ्यांकडे आली. कोरलईच्या किल्ल्यातील बुरुजांना संतांची नावे होती. ती जाऊन एक गणेश बुरूज झाला, दुसरा पुस्ती बुरूज झाला. किल्ल्यातील मंदिराचे छप्पर कालांतराने कोसळले. पुढे १८१८ साली पेशवाई गेली, १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले, इंग्रज आले आणि १९४७ साली तेही गेले. बुरुजांची नावे बदलणे सोपे असते. एक हुकूम सुटला की काम भागते. घरात म्हणावयाच्या प्रार्थनेची भाषा मात्र हुकुमाने बदलत नाही.

तहानंतर पोर्तुगीज अधिकारी, सैनिक आणि प्रतिष्ठित घराणी गोव्याकडे निघून गेली. ज्यांच्याजवळ जहाजात चढण्याइतके वजन नव्हते, ती गोरगरीब ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. कोणाची राबणूक तटाच्या आत होती, कोणाची शेतावर. ही मंडळी खाडीपलीकडे कोरलईच्या डोंगराच्या कुशीत स्थिरावली. ज्यांना कोणी सोबत नेले नाही, त्यांनीच मागे राहिलेले सारे सांभाळले, ही गोष्ट आमच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडलेली दिसते.

पहिली आजी मराठीच

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. कोरलईची बोली पोर्तुगीजोद्भव आहे, म्हणजे तेथील माणसे पोर्तुगीज आहेत, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. चौलच्या तटाच्या आत जे ख्रिस्ती समाजजीवन उभे राहिले, त्यात दूरदेशीहून आलेले सैनिक व खलाशी होते. पण घरे उभारणाऱ्या, चुली पेटवणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या स्त्रिया याच मातीतल्या होत्या. त्यातील बहुसंख्य तथाकथित खालच्या जातींतून स्नानसंस्कार घेऊन आलेल्या. त्यांच्या कानावर पोर्तुगीज पडत होती, तोंडात मराठी होती. मालकाची, पाद्रीबाबांची आणि कित्येकदा नवऱ्याची भाषा त्यांनी आपल्या पद्धतीने आत्मसात केली, तिचे व्याकरण सैल केले, अवघड रूपे टाकून दिली आणि पोटच्या पोरांना तीच शिकवली. अशा रीतीने एक नवी बोली जन्माला आली. तिचे पाळणाघर किल्लेदाराचा वाडा नव्हे, ते स्वयंपाकघर. कोरलईच्या आजींची जी परंपरा आम्ही सांगत आहोत, तिची मूळ आजी ही अशी याच मातीतली.

या बोलीच्या घडणीतच त्याचा पुरावा आहे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोरलईत येऊन तिचा अनेक वर्षे अभ्यास केला व १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण आहेत. कोरलईच्या बोलीत मात्र चौथाही आहे, आणि तो मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी आहे. मराठी धातूच्या अंती 'उ' लावला, की तो या बोलीचा होऊन जातो. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते, मराठीत वाक्याच्या शेवटी. कोरलईच्या बोलीतही क्रियापद हळूहळू शेवटाकडे सरकत गेले आहे. व्याकरणातील हे बदल कोणा पंडिताने केलेले नाहीत. रेवदंड्याच्या बाजारात मराठीत भाव करून संध्याकाळी होडीने घरी परतणाऱ्या आणि नातवंडांशी 'नॉ लिंग'मध्ये बोलणाऱ्या बायाबापड्यांनी, पिढ्यान् पिढ्या, नकळत ते घडवले. आजीने बोली जपली याचा अर्थ तिने ती पेटीत बंद करून ठेवली असा नाही. तिने ती रोज वापरली, म्हणूनच ती टिकली.

आणि देवघेव एकतर्फी नव्हती. आमच्या मराठीतही पाव, पगार, चावी, बटाटा, घमेले, परात, इस्त्री, बिजागरी, पिंप असे कितीतरी पोर्तुगीज शब्द सुखाने नांदत आहेत. यातील बहुतेक शब्द घरातले आहेत हे सहज लक्षात येईल. राज्यकर्त्यांचे शब्द दप्तरात जातात आणि दप्तर बदलले की मरतात. घरात शिरलेले शब्द घरचेच होऊन राहतात.

टिकण्याची कारणे

उत्तर कोकणात एकेकाळी पोर्तुगीजोद्भव बोली अनेक ठिकाणी होती. मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यात तिचे बोलणारे होते. गोव्यात जन्मलेले विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ साली या उत्तरेकडील बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज मुंबई-वसईच्या पट्ट्यात ती बोली राहिलेली नाही. दमण व दीव येथे तिची भावंडे आहेत आणि महाराष्ट्रात उरली आहे ती केवळ कोरलई. ती येथेच का उरली?

पहिले कारण भूगोलाचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात कुंडलिकेवर पूल झाला, तोपर्यंत रेवदंड्याला जायचे तर होडी हाच मार्ग होता. दुसरे कारण मंदिराचे. मराठी अंमलातही उपासना थांबली नाही. वसईच्या तहात तर ख्रिस्ती उपासनेला मोकळीक आणि पाच मंदिरे राखण्याची तरतूद स्पष्टपणे होती. पुढे पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील धर्मव्यवस्थेच्या परंपरेतले, पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू कोरलईस येत राहिले आणि कार्मेल मातेच्या मंदिरात त्या भाषेचा नाद घुमत राहिला. हे श्रेय त्या धर्मगुरूंना दिलेच पाहिजे.

परंतु तिसरे कारण अधिक खोल आहे आणि ते सांगताना जीभ जड होते. कोरलईचे ख्रिस्ती हिंदू शेजाऱ्यांहून धर्माने वेगळे. आणि अन्यत्रच्या उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी त्यांना जातीमुळे दूर ठेवले. मंदिर एक, पंगत मात्र वेगळी! सोयरिकी बाहेर होत नव्हत्या, म्हणून त्या गावातल्या गावात झाल्या. अन्य गावांत सून बाहेरून येते, आपल्या माहेरची बोली घेऊन येते आणि दोन पिढ्यांत घराची बोली पालटते. कोरलईत सून चार घरे सोडून पलीकडून येत असे. आजीची बोली, सासूची बोली आणि सुनेची बोली एकच. म्हणून ती साखळी कोठे तुटली नाही. भाषाशास्त्रज्ञ या कारणाला फार महत्त्व देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हां ख्रिस्ती वाचकांना त्यातील वेदनाही दिसली पाहिजे. ज्याला आज आपण कौतुकाने 'ठेवा' म्हणतो, तो अंशतः आपल्याच बांधवांनी आपल्या बांधवांवर लादलेल्या एकटेपणातून टिकला आहे. आजीने त्या अपमानाचे काय केले? तिने त्याचा गळ्यातला धोंडा होऊ दिला नाही. त्याच एकांतात तिने घर उभे केले.

आजीचे सेवाकार्य

'सेवाकार्य' हा शब्द आज आपण संस्थांच्या संदर्भात वापरतो. अहवाल असतो, समिती असते, छायाचित्र असते. जुन्या काळच्या आजीच्या सेवेला यातले काहीच नव्हते. आमच्या कोकण किनाऱ्यावरील धर्मग्रामांत वावरताना ज्या वृद्ध स्त्रिया आम्ही पाहिल्या, त्यांच्या दिनक्रमावरून त्या सेवेची कल्पना येते. पहाटे उठून क्रुसाची खूण, चूल, पाणी. मग शेत किंवा बाजार. दुपारी कोणाच्या घरी बाळंतीण असेल तर तिकडे फेरी. संध्याकाळी नातवंडांना भोवती बसवून जपमाळ. आणि रात्री कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या उशाशी बसणे. मे महिन्यात मरियामातेची स्तुती, ऑक्टोबरात जपमाळ, क्रुसापाशी लदीन. तिची सुरुवात करणारा आवाज नेहमी एखाद्या म्हातारीचाच. अक्षरओळख नाही, पण संपूर्ण लदीन मुखोद्गत.

पुष्कळ ठिकाणी तीच सुईण असे. आमच्या ख्रिस्तसभेच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष अर्थ आहे. स्नानसंस्कार सामान्यतः धर्मगुरू देतात. परंतु मूल मरणाच्या दारी असेल आणि धर्मगुरू जवळ नसतील, तर कोणीही तो देऊ शकतो. पाणी हवे, ठरलेले शब्द हवेत आणि ख्रिस्तसभेचा हेतू मनात हवा. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४३९ साली हे स्पष्ट करताना स्त्रीचाही उल्लेख केलेला आहे, आणि १९८३ च्या धर्मसंहितेतही हीच तरतूद कायम आहे. धर्मगुरू खाडीपलीकडे, पावसाळ्यातील वादळी रात्र, होडी सुटत नाही, आणि घरात अर्भक निळे पडत चालले आहे, अशा वेळी धर्मशास्त्राचे हे कलम ज्यांच्या हाती सुपूर्द झाले, ते हात बहुधा याच स्त्रियांचे होते. वाटीभर पाण्याने त्यांनी जे केले, त्यापुढे सातखणीचा मनोराही ठेंगणा ठरावा.

मरणाच्या वेळीही तीच पुढे असे. मरणोन्मुख माणसाच्या कानात येशूचे नाव घेणे, पापाबद्दल पश्चात्तापाची प्रार्थना म्हणवून घेणे, डोळे मिटणे, अंग धुणे, घरच्यांना चार घास खाऊ घालणे. जन्माच्या दारात एक आजी आणि मरणाच्या दारात दुसरी. मधल्या आयुष्यातील शिकवणूक तिसरीकडून. आम्ही धर्मगुरू सेमिनरीत सात-आठ वर्षे जे शिकलो, त्याचा पाया कोणीतरी आमच्या आधी घातलेला होता. पहिला क्रूस आम्हांला कोणी प्राध्यापकाने काढायला शिकवला नाही.

पवित्र शास्त्रालाही याची जाणीव आहे. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच संत पौल त्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढतो आणि तो विश्वास प्रथम कोणामध्ये वसत होता हे सांगताना दोन नावे घेतो: आजी लोईस आणि आई युनीके. एवढा मोठा प्रेषित, एवढा मोठा धर्मशास्त्री. पण आपल्या शिष्याच्या श्रद्धेची वंशावळ सांगताना तो एका आजीपासून सुरुवात करतो. हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

एकट्या कोरलईची ही कथा नाही

घर हे श्रद्धेचे शेवटचे आणि सर्वांत भक्कम ठाणे असते, याचा दाखला रेवदंड्यातच आणखी एक आहे. या किनाऱ्यावरील बेने इस्राएल मंडळी शतकानुशतके आपल्या धर्मबांधवांपासून दूर राहिली. तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद; म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ हाताशी नव्हते, धर्मपंडित नव्हते, तरी शब्बाथचा विसावा घराघरांतून पाळला गेला. बहुतेक कुटुंबे पुढे इस्राएलला गेली, पण त्यांचे सिनेगॉग आजही रेवदंड्यात उभे आहे. एकाच गावाच्या परिसरात दोन लहान समाजांनी आपापला देवदत्त वारसा असा घरात सांभाळावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

दूरचा दाखला जपानचा. तेथे १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेले. सुमारे अडीचशे वर्षांनंतर, १७ मार्च १८६५ रोजी, नागासाकीच्या ओउरा येथील नव्या मंदिरात फादर बेर्नार पेतीजाँ यांच्यापाशी उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने हलक्या आवाजात आपली श्रद्धा उघड केली आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. इतकी वर्षे धर्मगुरूविना ही माणसे ख्रिस्ती राहिली होती. कोरलईची स्थिती इतकी बिकट कधीच नव्हती. येथे छळ नव्हता आणि धर्मगुरूंची वाट पूर्ण बंदही झाली नव्हती. तरी दोन्ही ठिकाणचे सूत्र एकच आहे. मंदिरातला दिवा तेवता ठेवायचा, तर त्याचे तेल घरातून यावे लागते.

साखळी कोठे सैल होते आहे

आता वर्तमानाकडे वळू. पूल झाला आणि कोरलईचा एकांत संपला. हे चांगलेच झाले. आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचू लागला, मुले शिकू लागली, साळावला कारखाना आला, तरुण मुंबईकडे नोकरीला गेले. त्या एकांताचे गोडवे दूर बसून गाणे सोपे आहे. तो सोसणाऱ्यांनाच त्याची किंमत ठाऊक. परंतु वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. शाळा मराठी किंवा इंग्रजी, नोकरीची भाषा मराठी-हिंदी, दूरदर्शन आणि नंतर भ्रमणध्वनी यांचीही तीच. सोयरीक गावाबाहेर होऊ लागली. ही सामाजिक दृष्ट्या आनंदाची गोष्ट आहे, कारण जुनी भिंत पडते आहे. पण बाहेरून येणाऱ्या सुनेबरोबर घराची बोलीही बदलते.

आणि मंदिराचे काय? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकांच्या भाषेत उपासनेचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्रात मराठी मिस्सा सुरू झाली. आम्ही याच परिवर्तनात वाढलो, आणि मराठीतून प्रभुभोजनाचा सोहळा साजरा करताना जो आनंद लाभतो, तो शब्दांत सांगता येणार नाही. ज्या नियतकालिकात आपण हे वाचत आहात, तेही त्याच नवजागरणाचे फळ होय. परंतु कोरलईने एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला आहे. 'लोकांची भाषा' म्हणजे कोणत्या लोकांची? राज्याची लोकभाषा मराठी, ती योग्यच. चुलीपाशी मात्र तिसरीच भाषा होती. ती ना राज्याची, ना रोमची. पूर्वी मंदिरातली पोर्तुगीज आणि घरातली 'नॉ लिंग' एकमेकींच्या हाताला हात लावून होत्या. मराठीच्या आगमनाने श्रद्धा अधिक समजू लागली आणि त्याच वेळी आजीची बोली मंदिराच्या उंबरठ्याबाहेर उभी राहिली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही पाहिल्या पाहिजेत.

बोली मरते म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात ताजे आहे. केरळात कोचीन व वायपीनच्या परिसरात अशीच एक पोर्तुगीजोद्भव बोली होती. ती अस्खलित बोलणारे अखेरचे गृहस्थ विल्यम रोझारिओ २० ऑगस्ट २०१० रोजी निवर्तले. ज्या भाषेत आपल्याला पाळण्यात जोजवले, ती बोलायला समोर कोणी उरलेच नाही, या एकाकीपणाची कल्पना करून पाहावी. कोरलईत अजून मुले आहेत, अजून अंगणात ती बोली ऐकू येते. म्हणूनच हे लिहिण्याची हीच वेळ आहे.

नोंदवहीतील रिकामी जागा

आमच्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या हा इतिहासाचा अमूल्य ठेवा. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्या नोंदींवरून घराण्यांचे धागे जुळवता येतात. पण त्या वाचताना एक गोष्ट मनाला टोचते. मंदिर कोणी बांधले, घंटा कोणी दिली, वेदीची दुरुस्ती कोणत्या धर्मगुरूंच्या कारकिर्दीत झाली, हे सापडते. गावातल्या मुलांना प्रार्थना कोणी शिकवली? आजाऱ्यांच्या उशाशी कोण बसले? लदीन कोणी म्हटली? या प्रश्नांची उत्तरे देणारा रकानाच नाही. आजीचे नाव तिच्या जन्माला येते, लग्नाला येते, मुलांच्या स्नानसंस्काराला आई म्हणून येते आणि शेवटी मृत्यूला येते. या चार नोंदींच्या मध्ये जे सत्तर-ऐंशी वर्षांचे कार्य झाले, त्याला जागा नाही.

ती जागा आता आपणच भरली पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन सुरू केला. येशूचे आजी-आजोबा मानले जाणारे संत योआकिम व संत ॲना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या जवळचा, जुलैचा चौथा रविवार त्यासाठी ठरला. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला. म्हणजे पावसाळ्याच्या त्या दहा-बारा दिवसांत कोरलईसारख्या गावाला आपल्या मातेचे आणि आपल्या आजीचे स्मरण लागोपाठ करता येते. त्या दिवशी केवळ पुष्पगुच्छ देऊन थांबू नये. प्रत्येक घराने आपल्या आजीकडून एक प्रार्थना, एक गाणे आणि एक गोष्ट तिच्याच बोलीत ऐकून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी, देवनागरीत लिहून काढावी. धर्मग्रामाने एक वेगळी वही ठेवावी आणि तीत ज्या वृद्ध स्त्रियांनी गावाची सेवा केली, त्यांची नावे व कार्य नोंदवावे. सणाच्या मिस्सेत मराठी गीतांच्या जोडीला एक गीत आजीच्या बोलीतले असावे. यासाठी निधी लागत नाही, परवानगीचे कागद लागत नाहीत. थोडा वेळ लागतो, आणि ऐकण्याची नम्रता.

हे केवळ कोरलईपुरते नाही. वसईच्या सामवेदी आजीची कादोडी, मुंबईच्या ईस्ट इंडियन आजीची बोली, कोळीवाड्यातील आजीची गाणी, मराठवाड्यातील व खानदेशातील आमच्या ख्रिस्ती भगिनींच्या ओव्या, या सर्वांची गत तीच आहे. प्रत्येक वाचकाने आपल्या घरातल्या ओसरीकडे पाहावे. तेथे बसलेली वृद्धा आपल्या कुळाचा आणि धर्मग्रामाचा चालताबोलता ग्रंथ आहे. हा ग्रंथ पुन्हा छापून मिळत नसतो.

रेवदंड्याच्या भग्न मंदिरांचे दगड पुरातत्त्व खाते सांभाळील. ते त्याचे कर्तव्य आहे. खाडीपलीकडची ती बोली, ती लदीन आणि मरणाऱ्याच्या कानात येशूचे नाव घेणारा तो आवाज सांभाळणे मात्र कोणत्याही खात्याच्या हाती नाही. ते नातवंडांच्या हाती आहे. आजीने आपले काम चोख बजावले आहे, आणि तिच्याकडून जे घेतले ते पुढे देण्याची पाळी आता आपली आहे.